खुब्याची वाटी

प्रिय मन्या,

काल फोनवर तुझं एकच चाललं होतं, ‘मेव्हण्याच्या अपघाताला चार दिवस झाले, डॉक्टर ऑपरेशनला का घेत नाही?’ मागून वहिनींच्या रडण्याचा आवाज येत होता, म्हणून फार बोललो नाही. आमच्या नानाच्या वेळी हे सगळं घरात होऊन गेलंय, तेव्हा सावकाश लिहितो.

नाना केळीची पिकअप घेऊन धुळ्याकडे निघाला होता. एरंडोल-पारोळ्याच्या मध्ये पुढच्या ट्रकने करकचून ब्रेक मारला आणि नानाचा गुडघा डॅशबोर्डवर आदळला. गुडघ्याला नुसतं खरचटलं. दणका मात्र मांडीच्या हाडातून सरळ वर गेला, खुब्याच्या वाटीची मागची भिंत फुटली आणि तिच्यात बसणारा मांडीच्या हाडाचा गोळा बाहेर निसटला. तुझ्या मेव्हण्याचंही तेच झालेलं दिसतंय. यात खरी घाई असते ती निसटलेला गोळा परत वाटीत बसवायची. काही तासांत तो बसला नाही तर त्याचा रक्तपुरवठा तुटून पुढे हाड मरायची भीती वाढते. ते पहिल्याच रात्री झालंय ना? मग आता वजन लावून पाय ताणून ठेवलाय, त्याला उशीर म्हणू नकोस. सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत ऑपरेशन केलं तर रक्त फार जातं, शिवाय सीटी स्कॅन बघून आखणी करावी लागते. तीन आठवड्यांच्या पुढे मात्र जाऊ देऊ नका. तुकडे वेडेवाकडे जुळायला लागले की जागेवर आणणं महाकठीण.

कोणीतरी हाडवैद्याचं नाव घेईलच, आमच्याकडे मामांनी घेतलं होतं. मनगट-बोट ठीक आहे भो, पण ही वाटी ओटीपोटाच्या आत खोल असते, बाहेरून चोळून ती काय जुळणार? पूर्वी दवाखान्यातही असे बरेचसे पेशंट नुसते ताणावर ठेवत. फ्रान्समधले सर्जन ज्युदे बंधू आणि लेतुर्नेल यांनी १९६४ मध्ये या मोडांचे दहा प्रकार पाडले, पाच साधे आणि पाच मिश्र. कोणत्या प्रकाराला मागून शिरायचं आणि कोणत्याला पुढून, हे त्यावरून ठरतं. नानाचं मागून केलं, नितंबापासून मांडीच्या कडेने चीर देऊन.

तिथून सायटिकेची जाड शीर जाते. म्हणून राउंडला आलेला प्रत्येक डॉक्टर नानाला एकच सांगायचा, ‘पायाचा अंगठा वर कर.’ अपघाताच्या धक्क्याने किंवा ऑपरेशनमध्ये ती शीर दुखावली तर पाऊल लुळं पडतं. नाना वैतागून अंगठा हलवायचा आणि आई तिकडे टक लावून बसायची. तुम्हीही हे रोज बघा, ऑपरेशनच्या आधी आणि नंतरही.

आता निकालाचं. सगळी भिस्त आहे ती वाटीचा आतला गुळगुळीत पृष्ठभाग किती तंतोतंत जुळतो यावर. एक मिलिमीटरच्या आत फरक राहिला तर उत्तम, तीनच्या पुढे गेला तर सांधा लवकर झिजतो. अमेरिकेतले सर्जन मॅटा यांच्या ८१० रुग्णांच्या नोंदीत वीस वर्षांनंतर सुमारे ७९ टक्के खुबे बदलावे लागले नव्हते. हा आकडा आयुष्यभर हेच काम केलेल्या हाताचा आहे. म्हणून भीड न बाळगता विचार, ‘डॉक्टर, अशी ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता?’ चांगला सर्जन रागावत नाही. ते स्वतः करत नसतील तर जो करतो त्याचं नाव सांगतील.

आणखी एक. डॉक्टर लोक निकाल मोजतात तो वेदना, चालणं आणि सांध्याची हालचाल यांना सहा-सहा गुण देऊन, एकूण अठरा. नानाला गुण बरे पडले, काठीशिवाय चालतो, पिकअपही चालवतो. पण पंगतीत मांडी घालून बसता येत नाही, उकिडवं बसून केळीची पिलं कापता येत नाहीत. अठरात हे कुठेच नाही! शेतकऱ्याच्या घरी निम्मं काम जमिनीलगत असतं, तेव्हा हे आधीच विचारून घ्या आणि घरी कमोडची खुर्ची आणून ठेवा.

ऑपरेशननंतर साधारण दोन-तीन महिने त्या पायावर भार द्यायचा नसतो. वॉकर घेऊन बोटं फक्त जमिनीला टेकवायची. इथेच माणसं कंटाळतात. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘आते कसा शे?’ विचारून ‘दोन पावलं चालून दाखव’ म्हणतो. अशांना चहा पाजून वाटेला लाव. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटात इंजेक्शनं देतात, ती चुकवू नका. पोटरी सुजली किंवा दम लागला तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

महात्मा फुले योजनेत बसतं का, हे आजच दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचार, रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेव. सीटीची सीडी मागून घे, पुढे कुठेही दाखवायला लागते. रविवारी मी धुळ्याला येतोय, रात्री थांबेन, म्हणजे तुला आणि वहिनींना झोप मिळेल. डबा आई देणारच आहे, बाहेरून काही आणू नका.

तुझा,
बाळू