‘सुसज्ज स्वयंपाकघरा’त वरण-भातही शिजला नाही

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय: येऊर, ठाणे येथील बंगल्याच्या स्वयंपाकघराबाबत तक्रार व पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

जूनमध्ये शनिवार-रविवार जोडून आम्ही तुमच्या ऑनलाइन बुकिंगमार्फत येऊरचा बंगला भाड्यानं घेतला होता. नागपूरहून बहीण मुलांना घेऊन आली होती, सोबत आमची ऐंशीच्या घरातली आई. त्याच आवारातला स्वयंपाकघर नसलेला बंगला स्वस्त होता, तरी जादा पैसे मोजून आम्ही हाच घेतला. आईला बाहेरचं तिखट-तेलकट सोसत नाही, बहिणीचा धाकटा जेमतेम वर्षाचा. शिवाय सगळ्यांनी मिळून साधंसं काही रांधावं, व्हरांड्यात पंगत मांडून जेवावं, याचसाठी तर एकत्र आलो होतो.

तुमच्या जाहिरातीत ‘सुसज्ज स्वयंपाकघर’ असं लिहिलंय आणि फोटोत गॅसची शेगडी आणि स्टीलची भांडी दिसतात. प्रत्यक्षात ओट्यावर एकच इंडक्शन शेगडी आणि कपाटात सगळी ॲल्युमिनियमची भांडी, कुकरसुद्धा. इंडक्शनला बुडाशी चुंबक चिकटेल असं भांडं लागतं. साधं ॲल्युमिनियम त्यावर तापतच नाही. पातेलं ठेवलं की शेगडी टूं-टूं वाजायची आणि बंद पडायची. कुकरची रिंग तर कडक होऊन तडकलेली, म्हणजे गॅस असता तरी तो कामाचा नव्हता. चाललं ते फक्त चहाचं छोटं स्टीलचं पातेलं. त्यात बाळापुरती मुगाची खिचडी कशीबशी झाली, तीही उतरवायला सांडशी नाही, म्हणून ओढणीनं धरून.

येताना जांभळी नाक्यावरून शेवळं आणि त्यात घालायची काकडं ही आंबट फळं घेतली होती. पावसाच्या तोंडावर थोडेच दिवस मिळणारी ही रानभाजी, आणि नागपूरच्या नातवंडांना ती आपल्या हातची खाऊ घालायची आईची फार इच्छा. शेवळं काकडं घालून नीट शिजवली नाहीत तर घसा खाजतो. त्या चहाच्या पातेल्यात ते जमणारं नव्हतं. आईनं बसून निवडलेली भाजी दुसऱ्या दिवशी टाकून द्यावी लागली. हे मला अजून लागतंय.

रात्री तुमच्या केअरटेकरच्या बायकोनं स्वतःच्या चुलीवर आईसाठी वरण-भात करून दिला आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. या तक्रारीचा राग कृपा करून त्या दोघांवर काढू नका. बाकी आम्ही सगळ्यांनी दोन्ही दिवस हॉटेलचं मागवलं.

हेल्पलाइनवर सांगण्यात आलं, “मॅडम, आमचे बहुतेक गेस्ट बाहेरूनच मागवतात.” मागवत असतील. मग स्वयंपाकघराच्या नावाखाली जादा भाडं कशाचं घेता? ई-मेलला उत्तर म्हणून पुढच्या बुकिंगचं कूपन आलं. ते मला नको.

माझी मागणी अशी: दोन बंगल्यांच्या भाड्यातला फरक आणि बाहेरच्या जेवणाचा खर्च परत करा. त्या घरात आठ माणसांचा कुकर लागेल अशी चालणारी भांडी ठेवा, नाहीतर ‘सुसज्ज स्वयंपाकघर’ हे शब्द आणि तो फोटो आजच काढा. म्हातारी माणसं आणि लहान मुलं घेऊन येणारं कुटुंब त्या दोन शब्दांवर विसंबून घर घेतं.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार तक्रारीची पोच 48 तासांत द्यावी लागते आणि महिन्याभरात तिचं निवारण करावं लागतं. तसं झालं नाही तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहकाला राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते, आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला फीही लागत नाही.

उत्तर लेखी द्यावं, फोनवर नको.

आपली,
बुकिंगधारक ग्राहक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)

सोबत: बुकिंगची पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, ओट्याचे व भांड्यांचे फोटो, जेवणाची बिलं