टास्मानिया म्हणजे तंझानिया नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

टास्मानियाने ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती बंद करायचं ठरवलं, त्यावरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. फोटोखाली ‘तंझानियाचा धाडसी निर्णय’ अशी ओळ आहे. आम्ही राहतो ते टास्मानिया, ऑस्ट्रेलियाचं एक राज्य. तंझानिया आफ्रिकेत येतं. मजकुरात तरी नाव बरोबर छापलंत, त्याबद्दल आभार.

पण खरा राग त्याचा नाही. लेखकमहाशयांनी आमचे प्रीमियर (म्हणजे राज्याचे मुख्यमंत्री) रॉकलिफ यांना भूतदयेचा पुतळा करून टाकलंय. २०२५च्या जूनमध्ये त्यांच्यावरचा अविश्वास ठराव १८ विरुद्ध १७ मतांनी मंजूर, जुलैत निवडणूक, त्यांच्या पक्षाला ३५ पैकी १४ जागा म्हणजे बहुमत नाहीच, आणि ऑगस्टमध्ये अचानक कुत्र्यांचा कळवळा! तोवर याच धंद्याची पाठराखण चालली होती. तेही शर्यती लगेच बंद नाहीत, मुदत २०२९ची.

गैरसमज नको, शर्यती बंद व्हायलाच हव्यात. आमच्या शेजारणीने शर्यतीतून निवृत्त झालेली कुत्री पाळली आहे. कानात गोंदलेली अक्षरं, मागचा पाय किंचित वाकडा, आणि दारावरची बेल वाजली की सोफ्यामागे लपते. तिच्याकडे पाहिलं की वाद घालावासा वाटत नाही. (आपल्याकडे २०२१ साली सुप्रीम कोर्टाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली तेव्हा ही भूतदया आपल्या पुरवणीत दिसली नव्हती, हेही नोंदवते.)

मात्र त्याच लेखात ‘लहानशा राज्याची मोठी संवेदनशीलता’ वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवला. माझ्या बाळंतपणाच्या वेळी आम्ही टास्मानियाच्याच छोट्या फ्लिंडर्स बेटावर, व्हाइटमार्क गावात राहत होतो. बेटावर हजारेक माणसं, छोटा दवाखाना आहे, पण बाळंतपण तिथे होत नाही. दिवस भरत आले की बाईने समुद्र ओलांडून मुख्य बेटावरच्या लॉन्सेस्टन शहरात येऊन बसायचं. विमान एवढंसं की काउंटरवर बॅगांबरोबर माझंही वजन विचारलं. सांगलीहून आलेली आई माझ्याकडे बघून म्हणाली, “दोघांचं सांग गं!”

मग तीन आठवडे मोटेल. खोलीत एक किटली आणि एक मायक्रोवेव्ह. आईने त्यातच मुगाची खिचडी आणि अळिवाची खीर केली, खीर दोनदा उतू गेली, आणि मोटेलवालीने जादा सफाईचे पैसे लावले. मुलगी झाली त्या दिवशी वारा असा सुटला की बेटावरून विमानच उडेना. बापाने लेकीला पाहिलं ते चौथ्या दिवशी. प्रवासखर्चातले थोडे पैसे परत मिळावेत म्हणून अर्ज केला, तर ‘सोबतच्या व्यक्तीचे प्रयोजन’ लिहून द्या म्हणाले. काय लिहायचं? खिचडी?

फ्लिंडर्सची मतं बास मतदारसंघात मोजली जातात. लॉन्सेस्टनही त्यातच. सात आमदार निवडायचे, त्यात हजार माणसांना कोण विचारतो? बोटींचं तर बोलायलाच नको. टास्मानियातल्या डेव्हनपोर्ट बंदरासाठी फिनलंडमध्ये नवी मोठी जहाजं बांधून घेतली, पण धक्काच तयार नव्हता, म्हणून पहिलं जहाज महिनोन्‌महिने स्कॉटलंडच्या लीथ बंदरात बांधून ठेवलं. वरात दारात आणि मांडवाचा पत्ता नाही. या ‘मोठ्या संवेदनशीलते’वर आपल्या लेखकाने एक ओळ तरी लिहायला हवी होती.

जाता जाता, ई-पेपरमध्ये रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तर गेले तीन आठवडे छापलेलं नाही. ‘उभे सात’ अजून अडलेलं आहे. कृपया लक्ष घालावे.

आपली,
एक वाचक, लॉन्सेस्टन (टास्मानिया)