उतारावरच्या पथकासाठी पुन्हा एकदा आवाहन

सप्रेम नमस्कार,

घाईत लिहितोय, चूकभूल द्यावी घ्यावी. महामार्गाच्या उतारावर अपघात झाला की जखमींच्या मदतीला धावणारं आपल्या पोरांचं पथक आहे, त्याच्यासाठी शनिवारच्या बैठकीत आवाहन या आठवड्यात काढायचं ठरलं आणि नेहमीप्रमाणे ते सचिवाच्या गळ्यात पडलं.

पुण्यात शिरताना नवा कात्रज बोगदा सुटला की दरी पूल, स्वामीनारायण मंदिर, मग नवले पूल. हा उतार नऱ्हे-आंबेगाव-धायरीकरांना मी काय समजावून सांगू? साताऱ्याकडून माल भरून आलेला ट्रक डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडतो. काही महाभाग इंजिनच बंद करतात. मग सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापतात, इंजिन बंद म्हणून हवाही भरत नाही. आणि खाली सेवा रस्त्यावरून हायवेवर चढणाऱ्या आपल्याच दुचाक्या. २० नोव्हेंबर २०२२ च्या रविवारी रात्री ट्रकचा जो अपघात झाला, त्यात ४८ गाड्यांना फटका बसल्याचा आकडा पेपरात आला होता. उतारावर इंजिन बंद केलं होतं, हे नंतर तपासात निघालं. त्यानंतर वेगमर्यादा आली, फलक लागले, पट्ट्या मारल्या. तरीही १३ नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी कंटेनर आलाच. दोन अवजड गाड्यांच्या मधे मोटार चेपली, आग लागली, आठ जण गेले. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

उताराचं आणि सेवा रस्त्यांचं काम सरकारचं. त्याचा पाठपुरावा अध्यक्ष करतातच (त्यांच्या निवेदनांची फाईल आता दोन हातांनी उचलावी लागते). पण १०८ ची गाडी कोंडीतून वाट काढत पोचेपर्यंतची दहा-पंधरा मिनिटं आपल्या पोरांच्या वाट्याला येतात. हे पत्र तेवढ्यासाठीच आहे.

पथक कसं उभं राहिलं ते जुन्यांना ठाऊक आहे, पण नव्या सोसायट्यांमधल्या मंडळींसाठी सांगतो. २०२३ च्या गणपतीत पोरांनी डीजे रद्द केला. स्वतःहून केला, कोणी सांगितलं नव्हतं. त्या पैशात पहिलं स्ट्रेचर आलं. दुसरं मिठाईवाल्या शेठनी आईच्या वर्षश्राद्धाला दिलं आणि त्यावर नाव घालू दिलं नाही. गॅरेजवाल्या दादांनी कटावणी, जॅक आणि पत्रा कापायची कात्री दिली, शिवाय दार कसं उचकटायचं ते एका भंगार मोटारीवर शिकवलं. इस्त्रीवाल्या मावशी दर दिवाळीला ५०१ रुपये देतात आणि चादरी फुकट धुऊन, घडी घालून पाठवतात. चहावाल्या मामांच्या टपरीत पथकाच्या सामानाची पेटी असते. रात्री अडीचला उठवलं तरी ते किल्लीआधी पाण्याची बाटली पुढे करतात. आणि आपल्या डॉक्टरीणबाई! स्वतःच्या रविवारी हॉलवर येऊन रक्त थांबवणं, छाती दाबणं त्यांनी शिकवलं. "जखमीची मान हलवू नका" हे त्या इतक्यांदा म्हणाल्या की पोरं त्यांना मानमॅडम म्हणतात. त्यांना ते माहीत आहे.

आता थोडं मनातलं. मागच्या वर्षी याच कामासाठी ग्रुपवर आवाहन टाकलं होतं. अंगठे दीडशे आले, वर्गण्या अकरा. त्यातल्या दोन मावशींच्या घरातल्या. प्रशिक्षणाला ४० खुर्च्या मांडल्या होत्या, त्यातल्या ३१ तशाच उचलून ठेवल्या. अपघाताचे व्हिडिओ मात्र आम्ही पुलाखाली पोचायच्या आधी ग्रुपवर पोचलेले असतात. राग नाही, पण लागतं मनाला.

बरेच जण पोलिसांच्या चौकशीला घाबरून पुढे येत नाहीत. मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ २०१९ च्या दुरुस्तीने आलंय. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी दावा किंवा खटला चालत नाही, आणि स्वतःचं नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. जखमीच्या खर्चाची धास्ती असेल तर केंद्राची मे २०२५ पासूनची योजना आहे, सात दिवस दीड लाखापर्यंत उपचार विनारोख होतात. तेव्हा निदान जखमेवर कापड दाबून धरायला तरी थांबा.

गरज अशी : अग्निशामक सिलिंडर ४ (नोव्हेंबरच्या त्या आगीनंतर हे सगळ्यात आधी), मानेचे पट्टे १०, चमकणारी जॅकेटं २०, डोक्याला लावायच्या बॅटऱ्या ८, ड्रेसिंगचं सामान, जुन्या स्ट्रेचरचं वेल्डिंग. अंदाजे खर्च ६८,००० रुपये, जमा १९,४००. रोख किंवा चेक कार्यालयात संध्याकाळी ७ ते ९, सोमवार बंद. क्यूआर कोड फलकावर आहे, पाठवल्यावर नाव कळवा, नाहीतर पावती फाडता येत नाही. वस्तू दिल्या तरी चालतील, मात्र मुदत संपलेली औषधं नकोत (गेल्या वेळी एक पिशवी भरून आली होती). रात्रपाळीला १८ वर्षांवरचे सहा जण हवेत, महिलाही. पुढचं प्रशिक्षण येत्या रविवारी सकाळी ८ वाजता हॉलवर. खुर्च्या या वेळीही ४० च मांडणार आहोत.

आपला,
सचिव

ता. क. : पेटीतली पिवळी बॅटरी दिवाळीपासून दिसत नाही. ज्यांनी नेली असेल त्यांनी मामांच्या टपरीवर ठेवून जावी. कोणी काही विचारणार नाही.