बापू, हातोडी ठेवून दे

शारजा,
२० जुलै

तीर्थरूप आण्णा आणि माय यांस शिरसाष्टांग नमस्कार.

मी इथं खुशाल आहे. फोनवर बोलणं होतंच, पण बापूनं कूलरचा अडकलेला पंखा कसा काढायचा ते विचारलंय, ते फोनवर सांगून ध्यानात राहायचं नाही, म्हणून कागद घेतला. खोलीचं, जेवणाचं, ड्यूटीचं तुम्हाला सगळं माहीत आहे, तेच तेच लिहीत नाही.

माय, वाळलास वाळलास म्हणायलीस, तो कॅमेऱ्याचा दोष आहे. उन्हाचं म्हणशील तर इथं कायदाच आहे : १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम बंद. गच्चीवरची कामं सकाळीच उरकतात. आपल्याकडं वैशाखात पाळी घालणाऱ्याला अशी सुट्टी कोण देतं, ते आण्णांनाच विचार.

एक मात्र तुम्हाला पटणार नाही. इथं उन्हाळ्यात थंड पाण्याचा नळ सोडला की हात पोळतो, आणि गार पाणी पाहिजे असलं तर गरम पाण्याचा नळ सोडायचा! टाक्या गच्चीवर, दिवसभर उन्हात. ते कढत पाणी सरळ थंडाच्या नळाला येतं. गिझर मात्र घरात, छताखाली, एसीच्या गारव्यात बसवलेला. मे लागला की लोक गिझरचं बटणच बंद करतात. मग टाकीतलं पाणी गिझरच्या भांड्यात येऊन थांबतं, तिथं निवतं आणि लाल खुणेच्या नळातून गार होऊन येतं. पन्नास लिटरचं भांडं असलं तर दोघांच्या आंघोळी निभतात, तिसऱ्याला पुन्हा कढत. म्हणजे गिझर हा इथला माठ समजा. नवा माणूस चार दिवस निळ्या खुणेलाच हात घालतो आणि ओरडतो.

चि. बापूस आशीर्वाद. कूलरचा पंखा निघंना म्हणून शाफ्टवर, मोटारीच्या दांड्यावर, हातोडी घातलीस, आता टोक पसरलंय म्हणतोस. पसरणारच. कुत्र्याच्या छत्रीसारखं झालेलं टोक हबच्या, म्हणजे पंख्याच्या मधल्या तुंब्याच्या, भोकातून जाईल कसं? शिवाय तो घाव सरळ आतल्या बुशला, शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्याला, बसतो. पंखा निघाला तरी मोटार घरघर करते. आता त्या टोकाची कड कानशीनं गोल उतरव आणि पुढचं नीट वाच.

आधी प्लग काढ, नुसता स्विच नको. कपॅसिटर (आपल्या बाजारात त्यालाच कंडेन्सर म्हणतात, एसीचा कंडेन्सर वेगळा) वीज गेल्यावरही भरलेला राहू शकतो. पेचकसानं ठिणगी पाडायची सवय सोड. २० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर दोन्ही टोकांना पाच-दहा सेकंद धर, मीटरवर शून्य बघ, मग हात घाल. हबच्या तोंडापासून शाफ्टच्या टोकापर्यंतचं माप लिहून ठेव आणि पात्यांचा फोटो काढ. पंखा पहिल्या जागेपेक्षा आत-बाहेर बसला की हवा नीट ओढत नाही, मोटार तापते, आणि गिऱ्हाईक म्हणतं वाइंडिंग खराब भरलं.

ग्रब स्क्रू, म्हणजे हब शाफ्टवर आवळणारा बिनडोक्याचा स्क्रू, ढिला करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढ. हब फिरवून बघ, पुष्कळदा दुसरा स्क्रू ९० अंशावर गंजात बुजलेला असतो. एकच काढून जोर लावणारे हब फोडतात. खाचेतला गंज टोच्यानं उकर. पाना तळाला टेकला नाही तर खाच गोल झालीच म्हणून समज. ५/१६ इंची ग्रब स्क्रूला ५/३२ चा एलन (षटकोनी) पाना, पाव इंचीला १/८ चा. ५/३२ च्या जागी ४ मिलिमीटरचा जवळजवळ बरोबर बसतो, पण १/८ च्या जागी ३ चा घालू नको, तो फिरतो. खाच गेलीच तर मधोमध पंच मारून ३, मग ५, मग साडेसहा मिलिमीटरचं ड्रिल, आणि आटे पाडायला ५/१६ चाच टॅप. त्या आट्यात एम-८ चा स्क्रू घालशील तर खबरदार. जाडी सारखीच दिसते, ७.९४ आणि ८ मिलिमीटर, पण आट्याचं अंतर १.४१ आणि १.२५. दोन फेरे जातो आणि कायमचा रुततो.

आता आपल्याकडची खरी अडचण. बोअरच्या पाण्याचा क्षार. इथं खारी हवा गंजवते, तिथं गंजावर पांढरा थर बसतो, आणि त्या थरातून तेल झिरपतच नाही. म्हणून तू डबा रिकामा केलास तरी काही होईना. लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळव, चिंधी भिजवून हबच्या दोन्ही तोंडांना अर्धा तास गुंडाळ. मोटारीत थेंब जाऊ देऊ नको. पूस, कोरडं कर, मगच गंज सोडवायचं तेल : हबच्या दोन्ही बाजूंनी आणि ग्रब स्क्रूच्या भोकातून. शाफ्ट उभा राहील अशी मोटार ठेव आणि रात्रभर सोड. मधून मधून हबला बाजूनं लाकडी दांड्यानं टकटक कर, हादऱ्यानं तेल आत उतरतं.

दुसऱ्या दिवशी ओढायला लागू नको. आधी आत ढकल. ग्रब स्क्रूनं दाबून दाबून शाफ्टच्या चपट्या भागावर एक कड उभी केलेली असते, हब तिलाच अडतो. शिवाय बाहेरचा शाफ्ट गंजून फुगलेला, गंजाला लोखंडापेक्षा जागा जास्त लागते. तू ओढशील तेवढा हब आवळत जातो. म्हणून बाहेरचा शाफ्ट ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं, मग १२० नं चकचकीत कर. मागं जागा असेल तर हब पाच-सहा मिलिमीटर मोटारीकडं सरकव. कड उघडी पडेल, ती बारीक कानशीनं सपाट कर, तेल लाव, आणि मग बाहेर घे. निम्मे पंखे इथंच सुटतात.

नाही सुटला तर दोन पायांचा पुलर, म्हणजे स्क्रू आवळून हब ओढून काढायचं अवजार. पाय हबच्या मागं, पात्यांच्या मागं नाही. पाती रिवेटवर असतात, एक वाकलं की तोल गेला आणि बेअरिंग खाल्लं. स्क्रूचं टोक शाफ्टच्या बरोबर मध्यावर. ताण दे, थांब, हबला टकटक, परत पाव फेरा. गॅसबत्ती लोखंडी हबलाच, तीही तेल पुसून. प्लास्टिकच्या पंख्याला कधीच नाही, आणि एसीच्या बाहेरच्या युनिटपाशी तर आणूच नको : एसीतला आर-३२ गॅस पेट घेऊ शकतो, आणि गळणारा जुना आर-२२ ज्वाळेत विषारी होतो. मोटार जळालेलीच असेल तर एवढी खटपट कशाला, हब आणि मोटारीमधला शाफ्ट हॅक्सॉनं काप.

बसवताना शाफ्टला कॉपर ग्रीसचा पातळ हात दे, ग्रब स्क्रू चपट्या भागावरच आवळ, आणि चालू केल्यावर अँपिअर नेमप्लेटशी ताडून बघ. गिऱ्हाइकांनाही सांग, मृग लागला की कूलरमधलं पाणी काढा. ते तसंच गच्चीवर ठेवतात आणि पाडव्याला तुझ्याकडं घेऊन येतात.

आण्णा, ४०,००० पाठवलेत. २५ सोसायटीच्या हप्त्याला, १२ सोयाबीनच्या फवारणीला, ३ बापूच्या पुलरला आणि पान्यांना. ते ३ लग्नाच्या खर्चात घालू नका, तुम्ही घालाल हे मला माहीत आहे म्हणून लिहितो.

ताईच्या लग्नाचं, पाव्हणे तुळशीच्या लग्नानंतर लगेच म्हणत असतील तर तारीख धरा. माझ्यासाठी अडवू नका. करारात तिकीट दोन वर्षांनी आहे, ती मार्चमध्ये भरतात. साहेबाला विचारलंय, नाही म्हणाला नाही, हो पण म्हणाला नाही. कानपिळीला बापू आहेच की, एक भाऊ पुरतो. मंडपाचे पैसे दिवाळीच्या आधी येतील, त्याची काळजी नको. येळवशीला आंबील-भज्जी माझ्या वाट्याची म्हणून झाकून ठेवायची नाही, माय, खाऊन टाकायची. माझ्या स्थळाचं पुढं बघू, आत्ता फोटो पाठवू नका.

शालू ताईच्या पसंतीनं घ्या. दुकानातून मला फोन लावून विचारत बसू नका. लावलात तरी चालेल, शुक्रवारी सुट्टी असते.

तुमचा,
थोरला