पेन्शनच्या रकान्याला हात लावू नकोस

सिडको, नाशिक

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, चाकणची नोकरी सोडली की पीएफ काढतो, गाडीच्या डाउन पेमेंटला होईल. आईसमोर मी काही बोललो नाही, पण रात्रभर तेच डोक्यात होतं.

२००४ साली मी हेच केलं. सातपूरची कंपनी सोडताना क्लार्कनं दोन फॉर्म पुढ्यात ठेवले, १९ नंबरचा आणि १०-सी. सही करायची तिथे पेन्सिलनं फुल्या मारलेल्या होत्या. दुसरा फॉर्म पेन्शनचा, हे त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पेन्शनचे म्हणून सत्तावीस हजार आले, त्यात गावच्या घराचे पत्रे बदलले. आणि पेन्शनच्या हिशोबातली माझी नऊ वर्षं पुसली गेली.

पुढे २००५ पासून अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत अठराच वर्षं धरली गेली. आज महिन्याला दोन हजार सातशेच्या आसपास येतात. ती नऊ वर्षं असती तर हजार रुपये तरी जास्त आले असते. आईच्या बीपी-शुगरच्या गोळ्या तेवढ्यात येतात रे.

तू म्हणतोस पगारातून फार कटतं. तुझं पासबुक उघडून बघ. बेसिक पंधरा हजार, म्हणजे तुझे १,८०० कटतात. कंपनीही तेवढेच भरते, पण त्यातले १,२५० पेन्शनच्या रकान्यात जातात आणि उरलेले ५५० पीएफमध्ये. हे १,२५० तुझ्या खिशातून जात नाहीत. दहा वर्षं भरली की महिन्याच्या पेन्शनचा हक्क लागतो. तुझी अडीच झालीत.

म्हणून नवीन कंपनीत जुनाच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, दे आणि पैसे ट्रान्सफर कर. त्याआधी जुन्या कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख टाकली का, ते बघ. नसेल टाकली, तर शेवटचा पीएफ भरल्यावर दोन महिन्यांनी तुला स्वतःला टाकता येते. नव्या पासबुकात पेन्शनचा रकाना शून्य दिसेल, घाबरू नकोस. तिथे पैसे नाही, नोकरीचा काळ पुढे जातो. आणि पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर टॅक्सही बसतो. गाडी सहा महिन्यांनी घे, लागले तर मी थोडे देतो.

अजून एक. कंपनीत आमच्या विभागातला एक जण मोटरसायकलच्या अपघातात गेला. पीएफला नॉमिनी म्हणून त्याची आई, आणि ती त्याच्या चार वर्षं आधी वारलेली. लग्न झाल्यावर त्यानं नाव बदललंच नव्हतं. इन्शुरन्सचे पैसेसुद्धा त्या नॉमिनेशनवरच अडले. ईडीएलआय म्हणजे पीएफबरोबरचा हा इन्शुरन्स, त्यात सात लाखांपर्यंत मिळतात, त्याचा हप्ता कंपनीच भरते. पण त्याची बायको लहान पोराला कडेवर घेऊन दाखले गोळा करत फिरत होती. मी दोनदा तिच्याबरोबर गेलोय.

कंपनीच्या मेडिक्लेमवरही विसंबू नकोस. नोकरी सुटली की तोही सुटतो. स्वतःची एक पॉलिसी आत्ताच काढ.

पीएफचं ई-नॉमिनेशन, म्हणजे ऑनलाइन नॉमिनी नोंदवणं, या रविवारीच कर. सध्या आईचं नाव टाक, लग्न झालं की पुन्हा भर. आईचं नाव आणि जन्मतारीख तिच्या आधारवर आहे तशीच लागेल. आधार काढून टेबलावर ठेवतो, सकाळी फोन कर.

तुझे,
पप्पा