झोपताना ते पाकीट मोज्यातून काढत जा

सोनू,

परवा फोन तू ठेवला, मी नाही. तुझ्या आईले वाटते मीच रागारागानं कापला, तर तिले एकदा तूच सांग. मी फक्त एवढं म्हणलं होतं की थंडीत हातपाय शेकायचं ते गरम पाकीट मोज्यात ठेवून झोपत नको जाऊ, त्यावर तू म्हणाली बाबा मी आता बँकेत ऑफिसर आहे, लहान नाही. ऑफिसर तर आहेच बाई. पानठेल्यावर माझं नाव आता कोणी घेत नाही, लेहवाल्या मॅडमचे बाबा म्हणतात, अन् मले ते आवडते, खोटं काहून सांगू. पण ऑफिसर लोकाईच्या कातडीले चटका लागत नाही असं अजून माझ्या ऐकण्यात आलं नाही.

लिहून पाठवून राहिलो म्हणजे आवाज चढत नाही. पाकिटाचा विषय एकदाच काढायचा असं ठरवलं होतं. काढला, झाला.

तुझं पार्सल पोचलं. आईले वाटलं तिकडची चहापत्ती आहे, तिनं डबा धुऊन ठेवला होता. मग उघडलं तर ही पाकिटं, हाताची वेगळी, मोज्याले चिकटवायची वेगळी. या आठवड्यात आपल्याकडे रात्रीची लाईन आहे, गहू फुटव्यावर आहे, पाणी सोडून चालत नाही. जेवण झालं, बॅटरी घेतली, कानाले मफलर गुंडाळला अन् दोन पाकिटं खिशात टाकून वावरात गेलो. वरचं प्लास्टिक फाडलं, हलवलं, काहीच नाही. मी मनात म्हणलं पोरीले फसवलं दुकानदारानं. मोटर चालू केली, पाईप बदलला, परत धुऱ्यावर येऊन खिशात हात घातला तर बाप्पा, आत इस्तो ठेवल्यावानी! राजू तर सारखा माझ्याच खिशात हात घालून राहिला, शेवटी एक त्याले देऊन टाकलं. सकाळी दूध काढायले बसलो तेव्हाही थोडं कोमट होतं. स्टार्टरची ती लोखंडी पेटी पहाटे किती गार लागते तुले माहीत आहे, तिले हात लावून परत खिशात हात घालायचा, एवढं सुख मले या वावरात कधी भेटलं नाही. तर पहिले थँक्यू. हे आधी सांगायले पाहिजे होतं, पण तू फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी बंड्या आला होता. त्याले बी.एस्सी.ची सुट्टी आहे, खाऊन झोपून राहिला. मी म्हणलं सांग याच्यात काय आहे. त्यानं कैचीनं एक नवीन अन् एक संपलेलं अशी दोन्ही कापली अन् पेपरवर सांडली. नव्यातली भुकटी काळीकुट्ट, ओलसर, बोटाले लागते. संपलेल्यातली घट्ट झालेली, ढेकळं पडलेली, तपकिरी. म्हणे मोठेबाबा हे लोखंड आहे, एकदम बारीक केलेलं, त्यात मीठ, थोडं पाणी, कोळशाची भुकटी अन् ते चमकणारे दाणे व्हर्मिक्युलाईटचे, नर्सरीवाले कुंडीच्या मातीत टाकतात तेच, ते पाणी धरून ठेवते. प्लास्टिक फाडलं की पिशवीच्या बारक्या छिद्रातून हवा आत जाते अन् लोखंड गंजायले लागते. गंजताना उष्णता निघते, बस. जुन्या रेडिओच्या स्पीकरचं लोहचुंबक आणून त्यानं दाखवलं, नवी भुकटी झुपकन चिकटली, जुनी कमी चिकटली.

मी म्हणलं मग आपल्या वखराची पास पावसाळाभर निंबाखाली पडून गंजते ते? तर म्हणे ते पण तेच, पण तिले महिने लागतात, म्हणून हाताले समजत नाही. इथं लोखंड पिठासारखं बारीक, सगळीकडून हवा लागते, वरून मिठानं जोर येते, म्हणून दहा-बारा तासातच सगळं आटपते. जपानात हे १९७८ पासून दुकानात भेटते म्हणे. मले नवल वाटलं. आपण गंजू नये म्हणून जिंदगीभर पासीले तेल लावत बसलो अन् ते लोक गंज विकून राहिले.

आता हे सगळं तुले काहून सांगतो, तर त्याले बटन नाही. हीटर बंद करता येते, शेकोटीवर पाणी मारता येते, हे जोवर हवा भेटते अन् आत लोखंड उरलं आहे तोवर चालूच राहते. तू झोपली की जागी आहे त्याले काही घेणंदेणं नाही. पाकिटावर लिहिलं आहे सरासरी ५३ अंश, जास्तीत जास्त ६५. बंड्यानं मोबाईलवर वाचून दाखवलं, १९४७ साली अमेरिकेत दोन शास्त्रज्ञांनी तपासलं होतं की कातडी किती गरमीले किती वेळ टिकते, तर ४४ अंशाची वस्तू सहा तास अंगाले लागून राहिली तरी जळते. ४४! आपल्या इथं मे महिन्यात तेवढं सावलीत असते. चहाचा कप हाताले पोळला तर आपण झटकन सोडतो, हे पोळतच नाही, गोड वाटते, अन् सकाळी फोड आलेला असते. जपानात तर पाकिटावरच छापतात, झोपताना वापरू नका. म्हणजे मीच तेवढा म्हातारा कटकट्या नाही.

तू म्हणाली इथं हवा विरळ आहे बाबा, ते नीट तापत पण नाही. बरोबर आहे तुझं, मी नाही म्हणत नाही. लेह साडेतीन हजार मीटरवर, हवा आपल्यापेक्षा तिसऱ्या हिश्शानं कमी, तर ते हळू चालणारच. पण म्हणून तू काय करून राहिली, एका पायाले दोन-दोन लावून, वरून लोकरी मोजा, वरून रजई. मग गरमी जाईन कोठं? अन् पाय आधीच थंडीनं बधिर, चटका लागला तर सांगणार कोण तुले?

आबाजीचं तू विसरली नसशील. तो २०१८ चा डिसेंबर, नागपूरले साडेतीन अंशापर्यंत पारा गेला होता, टीव्हीवर दिवसभर तेच. आपल्या वावरातल्या हरभऱ्यावर सकाळी पांढरं दिसत होतं. तू बारावीले होती. आबाजी अंगणात तुराट्याच्या शेकोटीपुढं पाय लांब करून बसले होते, गोष्टी सांगत होते नेहमीच्या, तीच ती अस्वलाची. पायाले शेक लागून राहिला हे त्याईले समजलंच नाही, शुगरमुळं पाय कधीचाच मेला होता. तुझ्या आईले वास आला तेव्हा समजलं. मग सेवाग्रामचा दवाखाना, मग अंगठा काढला, मग ती जखम भरता भरेना. अन् तू रोज कॉलेजले जायच्या आधी त्याईचं ड्रेसिंग करायची. आम्ही मोठे लोक तोंड फिरवत होतो अन् तू चिमट्यानं पट्टी सोडवायची, आबाजीले म्हणायची आता अस्वल कुठवर आलं ते सांगा, म्हणजे त्याईचं लक्ष तिकडं राहावं. मी दरवाज्यात उभा राहून पाहत होतो. तुले कधी सांगितलं नाही. त्या दिवशीच मले वाटलं होतं ही पोट्टी कोठंही गेली तरी निभावून नेईन. बँकेची परीक्षा तर मग झाली.

तर एवढं डोळ्यानं पाहिलेली पोरगी पायाले पाकीट बांधून झोपते अन् मले सांगते काही होत नाही.

बरं, आईनं सांगितलं असेनच, नसेन सांगितलं तर आता समजलं. मलेही मागच्या महिन्यात शुगर निघाली. जास्त नाही, गोळी सुरू आहे, भात कमी केला. डॉक्टरनं पायाच्या अंगठ्याले तो वाजवायचा चिमटा लावून पाहिला अन् म्हणे काका, थोडं कमी जाणवते का? मी म्हणलं वावरात फिरणाऱ्याचे पाय असेच राहतात. तर पायाले शेक द्यायचा नाही असं सांगितलं आहे, म्हणून तुझी ती चिकटवायची पाकिटं मी आलमारीत ठेवली, फक्त खिशातली वापरतो. लगेच फोन करून रडू नको. आबाजीसारखं काही नाही, सुरुवात आहे. कापूस अजून घरातच भरून आहे, भाव पाहून राहिलो. संत्र्याचा मृग बहार बरा आहे, व्यापारी येऊन पाहून गेला, बोलला काहीच नाही, नुसतं तंबाखू मळत फिरला.

हां, चिकटवायचं असते ते मोज्याच्या बाहेरून लावायचं, आतून कातडीले नाही. बुटातलं पाकीट हातात वापरायचं नाही, ते बुटाच्या आत कमी हवा भेटते असं धरून बनवलेलं असते, मोकळ्या हवेत जास्त तापते. अन् काम संपलं की झिपवाल्या पिशवीत हवा काढून बंद करून ठेव, गंजणं थांबते, दुसऱ्या दिवशी बाकीचं कामी येते. स्वस्त नाहीत ते, किंमत मी बॉक्सवर पाहिली आहे. घरमालकिणीच्या कुत्र्यापासून दूर ठेव, आपल्या मोत्यानं एक तोंडात धरून पळवलं होतं, राजू त्याच्यामागं नाल्यापर्यंत धावला. लोखंडाची भुकटी पोटात गेली तर जनावर मरू शकते. तुझी आई तर संपलेली पाकिटं जास्वंदाले टाकायले निघाली होती, लोखंड आहे म्हणे, पानं हिरवी होतात. मी म्हणलं त्यात मीठ पण आहे, झाड वाळेन. तर दोन दिवस अबोला.

अन् तुझ्या खोलीतली ती बुखारी, म्हणजे लाकडा-कोळशाची शेगडी. ते पाकीट एक वेळ परवडलं, त्याच्यात जाळ नाही, धूर नाही, विषारी गॅस नाही. पण खोलीत लाकूड नाहीतर कोळसा पेटवून दार-खिडकी लावून झोपायचं, हे मात्र नाही. तो गॅस दिसत नाही, त्याले वास नाही, माणूस झोपेतच राहते. तू म्हणते तिथले सगळे लोक तेच करतात. सगळे लोक करतात म्हणून काय झालं, त्याईच्या घराले वर पाईप काढलेले असतात, नीट साफ करतात, जन्मापासून सवय आहे. तू तर आतापर्यंत चुलीवर चहासुद्धा ठेवला नाही, आईनं तुले स्वयंपाकघरात येऊच दिलं नाही, अभ्यास कर म्हणे अभ्यास कर. आता त्या पाईपाची काजळी कोण काढते, घरमालक की तू? कधी काढली होती? झोपायच्या आधी विझवत जा, अन् खिडकी बोटभर उघडी ठेव, अन् ते मोज्यातलं...

झालं, पुन्हा सुरू झालो. माफ कर बाई. एवढ्या थंडीत पहाटे उठून, ड्यूटीवर जाऊन, अनोळखी लोकाईशी हिंदीत बोलून दिवसभर उभं राहते अन् मी इथून रजईत बसून अक्कल शिकवतो. तुझ्या वयात मी वर्ध्याच्या पुढं गेलो नव्हतो. विमानतळावर तुले सोडायले आलो तेव्हा त्या काचेच्या दरवाज्यापाशी शिपायानं मले अडवलं, तू आत गेली अन् मागं वळून पाहिलं नाही. आई म्हणे पाहिलं होतं, तुम्हीच तोंड खाली घातलं होतं. असेन.

लहानपणी मागं लागून माझ्यासोबत जागलीले यायची ते आठवते का? मचाणावर पोत्यात पाय घालून बसायची अन् रानडुकरापेक्षा तूच जास्त ओरडायची. मग झोपली की मी तुझे पाय हातात धरून बसत होतो, बर्फासारखे राहायचे. तुझे पाय आधीपासूनच थंड, आईवर गेली तू. मग मले माहीत नाही का तुले तिथं किती हिव वाजत असेन? मले माहीत आहे म्हणून तर बोलतो. पाय गरम झाल्याशिवाय तुले झोप लागत नाही, अन् ते पाकीट काढ म्हणून मी इथून सांगून राहिलो, मग तू काय करणार? झोपायच्या आधी कोमट पाण्यात पाय टाकून, पुसून, कोरडे मोजे घालत जा. दिवसभराचे ओले मोजे बदलल्याशिवाय रजईत जाऊ नको. आई दोन जोड लोकरी मोजे पाठवून राहिली, आर्वीच्या बाजारातून आणले, रंग भडक आहे, हसू नको. सोबत तिळाचे लाडू आहेत, अन् संत्री नाही पाठवत, रस्त्यात सडतात.

बंड्या म्हणते मोठेबाबा एवढं लंबं कोणी वाचत नाही. तू वाचशील.

शुगरचा रिपोर्ट बंड्या पाठवून राहिला, तो पाहून जे बोलायचं ते मलेच बोल, आईले नाही. अन् तुझ्या खोलीची ती खिडकी उघडते की नुसती काच बसवलेली आहे, ते फोनवर सांगू नको, फोटो काढून पाठव. बुखारीच्या पाईपाचा पण.

तुझे बाबा