तुम्ही तारीख घातली नव्हती

आदरणीय बाई,

तुम्ही निवृत्त झालात हे परवा वाचनालयात कळलं. समोर बोलायला जमलं नसतं, म्हणून हे पत्र.

२०२१ च्या जूनमध्ये पुस्तकं परत द्यायला आले होते. बाबांना जाऊन महिना झाला होता. कोविड वॉर्डातून त्या रात्री त्यांनी दोनदा फोन केला, मी उचलला नाही. झोप लागली होती, असं मी सगळ्यांना सांगत होते. भेटायला येणारे चहा संपेपर्यंत ‘देवाची मर्जी’ म्हणायचे. फोनचं काढलं की विषय बदलायचे. तुम्हाला मात्र खरं सांगितलं: जागी होते, सकाळी बोलू म्हटलं.

तुम्ही ‘तुझी काय चूक’ म्हणाला नाहीत. आतल्या कपाटातून एली वीझेलचं ‘नाइट’ हे बारीकसं पुस्तक आणून दिलंत, नाझी छळछावणीतल्या त्याच्या स्वतःच्या आठवणींचं.

सिगेत गावचा, तालमूद हा ज्यू धर्मग्रंथ शिकणारा, प्रार्थना करताना रडणारा मुलगा. १९४४ च्या मे महिन्यात सगळं कुटुंब आउशविट्झच्या छावणीत. आई आणि धाकटी बहीण पहिल्याच रात्री गेल्या. पुढे योम किप्पूरला, ज्यूंच्या मोठ्या उपासाच्या दिवशी, त्याने उपास धरला नाही, मुद्दाम सूप प्यायला. (त्या वर्षी आषाढीला मी साबुदाणा भिजवला नाही, तो असाच.) आणि १९४५ च्या जानेवारीत, बुखेनवाल्डच्या छावणीत, मरणाऱ्या वडिलांनी त्याला नावाने हाक मारली. तो हलला नाही. सकाळी त्या जागी दुसराच आजारी माणूस होता. आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं, हेही त्याने लिहून ठेवलंय.

माझ्या दुःखाला त्या छळछावणीशेजारी बसवायचा आगाऊपणा मी करणार नाही. पण न दिलेल्या ‘ओ’बद्दल इतकं उघड कोणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्यालाही बोलायला दहा वर्षं लागली.

त्यातला मोशे आठवतो? सामूहिक हत्येतून जखमी होऊन निसटलेला, दारोदार सांगत फिरणारा. गावाने त्याला वेडा ठरवलं. आमच्याकडे सांत्वनाला आलेले लोक वाईट नव्हते हो, त्यांना फक्त ऐकायचं नव्हतं. ऐकून घेणारं माणूस किती दुर्मीळ असतं, ते तेव्हा कळलं.

पुस्तक घरी आणून उघडलं, तर मागच्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्काच नव्हता. विसरलात असं वाटलं. चार महिन्यांनी परत द्यायला आले, दंडाचे पैसे पुढे केले, तर म्हणालात, “तारीख कुठे घातलीय मी?”

घरात अजून देव बसवलेले नाहीत. पण बाबांच्या फोनबद्दल कोणी विचारलं, तर झोप लागली होती असं आता सांगत नाही.

तुमची एक वाचक